आशुतोष मुखर्जी

सर आशुतोष मुखर्जी (बंगाली उच्चार: आशुतोष मुखोपाध्याय, २९ जून १८६४, कोलकाता – २५ मे १९२४, पाटणा) हे भारतीय गणितज्ञ, कायदेपंडित, कोलकाता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि शिक्षणतज्ज्ञ होते. ते १९०६ ते १९१४ आणि पुन्हा १९२१ ते १९२३ या काळात कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू होते. केवळ परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी ही संस्था अध्यापन व संशोधन करणारे विद्यापीठ व्हावी, यासाठी त्यांनी आयुष्यभर प्रयत्न केले. १९१७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कोलकाता विद्यापीठात पदव्युत्तर अध्यापनाची स्वतंत्र व्यवस्था अस्तित्वात आली. कोणत्याही भारतीय विद्यापीठाने आपल्या पदव्युत्तर शिक्षणाची एवढ्या विस्ताराने केलेली ही पहिली आखणी मानली जाते. निर्भीड स्वभावामुळे बंगाली जनता त्यांना बंगालचा वाघ म्हणून ओळखत असे. भारतीय जनसंघाचे संस्थापक श्यामाप्रसाद मुखर्जी हे त्यांचे पुत्र होत.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

आशुतोष यांचा जन्म कोलकात्याच्या बहूबाजार भागात झाला. घराणे मूळचे हुगळी जिल्ह्यातील जिराट या गावचे. वडील गंगाप्रसाद मुखर्जी हे डॉक्टर होते आणि भवानीपूर येथे त्यांचा व्यवसाय चालत असे. आईचे नाव जगत्तारिणी देवी. मुलाच्या अभ्यासाकडे गंगाप्रसाद स्वतः बारकाईने लक्ष देत. भवानीपूरच्या साउथ सबर्बन शाळेत आशुतोष यांचे शालेय शिक्षण झाले. तेथे ब्राह्मो समाजाचे विद्वान नेते शिवनाथ शास्त्री मुख्याध्यापक होते. १८७९ च्या प्रवेश परीक्षेत आशुतोष दुसरे आले आणि पुढील वर्षी प्रेसिडेन्सी महाविद्यालयात दाखल झाले.

गणिताची ओढ त्यांना लहानपणापासून होती. महाविद्यालयात असतानाच, १८८१ मध्ये, युक्लिडच्या एका प्रमेयाची त्यांनी दिलेली नवी सिद्धता केंब्रिजच्या एका गणितविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १८८४ मध्ये ते बी.ए. परीक्षेत पहिले आले. १८८५ मध्ये गणितात आणि १८८६ मध्ये भौतिक विज्ञानात त्यांनी एम.ए. पदवी मिळवली. १८८६ मध्येच त्यांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली आणि त्याच वर्षी एडिनबरोच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले.

प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती हा कोलकाता विद्यापीठातील सर्वांत मोठा सन्मान समजला जाई. मुंबईचे कापूस व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६६ मध्ये दिलेल्या दोन लाख रुपयांच्या देणगीतून ती सुरू झाली होती. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर याच दानशूर व्यापाऱ्याच्या देणगीतून उभा राहिला असून त्याला त्यांच्या आईचे नाव दिलेले आहे.

गणितातील संशोधन

१८८० च्या दशकात आशुतोष यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून अनेक शोधनिबंध प्रसिद्ध केले. शंकुच्छेदांविषयीच्या मोंज या फ्रेंच गणितज्ञाच्या विकलन समीकरणाचा भौमितिक अर्थ उलगडणारे त्यांचे काम विशेष गाजले. केंब्रिजचे गणितज्ञ आर्थर केली यांनीही त्यांच्या कामाची दखल घेतली. शंकुच्छेदांच्या भूमितीवरील त्यांचे पाठ्यपुस्तक १८९३ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी स्थापन केलेल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत त्यांनी गणित व गणिती भौतिकी या विषयांवर व्याख्याने दिली.

संशोधनाला वाहून घेण्याची त्यांची इच्छा होती, परंतु त्यासाठी लागणारी जागा त्या वेळच्या व्यवस्थेत नव्हती. सरकारच्या शिक्षण खात्यात त्यांना नोकरी देऊ करण्यात आली होती. युरोपीय प्राध्यापकांच्या बरोबरीचा दर्जा व वेतन मिळावे अशी अट त्यांनी घातली, आणि ती मान्य न झाल्याने नोकरी नाकारली. विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू गुरुदास बॅनर्जी यांनी त्यांच्यासाठी गणिताचे संशोधन अध्यासन निर्माण करण्याचा प्रयत्न केला, पण पुरेसा निधी जमला नाही. अखेर आशुतोष यांनी वकिलीचा मार्ग धरला. गणितात भर घालू शकणारा तरुण केवळ पदाअभावी गणितापासून दुरावला. पुढे कुलगुरू म्हणून एकामागून एक अध्यासने उभारताना त्यांच्या मनात हा अनुभव होता, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

वकिली आणि न्यायदान

१८८८ मध्ये कायद्याची पदवी घेऊन आशुतोष कोलकाता उच्च न्यायालयात वकिली करू लागले. १८९४ मध्ये त्यांना कायद्यातील डॉक्टरेट मिळाली. १८९८ मध्ये टागोर विधी प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९०४ मध्ये ते कोलकाता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९२० मध्ये काही काळ त्यांनी प्रभारी मुख्य न्यायाधीशपदही सांभाळले. कुलगुरूचे पद त्या काळी बिनपगारी होते. त्यामुळे दिवसभर न्यायालयाचे काम आणि सकाळ-संध्याकाळ विद्यापीठाचे काम, असा त्यांचा दिनक्रम अनेक वर्षे चालला.

विद्यापीठाच्या कारभारात प्रवेश

१८५७ मध्ये स्थापन झालेली कोलकाता, मुंबई व मद्रास ही तिन्ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. त्यांचे काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच होते. अध्यापन संलग्न महाविद्यालयांत चाले. एम.ए.चे विद्यार्थी प्रेसिडेन्सीसारख्या मोजक्या महाविद्यालयांत शिकत किंवा स्वतःच्या बळावर तयारी करून परीक्षेला बसत. विद्यापीठाजवळ स्वतःचे प्राध्यापक नव्हते, प्रयोगशाळा नव्हत्या आणि अभ्यासासाठी पुरेसे ग्रंथालयही नव्हते.

आशुतोष १८८९ मध्ये, वयाच्या पंचविशीत, अधिसभेचे सदस्य झाले. १८९१ मध्ये त्यांनी विद्यापीठाच्या परीक्षांत देशी भाषांना स्थान मिळावे असा प्रस्ताव मांडला. तो बहुमताने फेटाळला गेला. १८९९ मध्ये विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून ते बंगालच्या कायदेमंडळात गेले. लॉर्ड कर्झन यांनी १९०२ मध्ये नेमलेल्या भारतीय विद्यापीठ आयोगाचे ते कोलकात्यापुरते स्थानिक सदस्य होते.

या आयोगाच्या अहवालावरून १९०४ चा भारतीय विद्यापीठ कायदा झाला. अधिसभेतील बहुसंख्य सदस्य सरकारनियुक्त असावेत आणि महाविद्यालयांच्या संलग्नतेवर सरकारचे नियंत्रण असावे, या तरतुदींमुळे सुशिक्षित भारतीयांनी या कायद्याकडे संशयाने पाहिले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात या विधेयकाला कडाडून विरोध केला. मात्र याच कायद्यात आणखी एक तरतूद होती. विद्यापीठांना स्वतः प्राध्यापक व व्याख्याते नेमण्याचा, तसेच ग्रंथालये, प्रयोगशाळा व संग्रहालये चालवण्याचा अधिकार तिने दिला होता. या अधिकाराबरोबर पैसा दिलेला नसल्याने तो कागदावरच राहील असे अनेकांना वाटले. आशुतोष यांनी मात्र आपल्या योजनेचा पाया याच तरतुदीवर घातला.

कुलगुरुपदाचा पहिला काळ (१९०६–१९१४)

मार्च १९०६ मध्ये आशुतोष कुलगुरू झाले. दोन-दोन वर्षांच्या चार सलग मुदतींत ते या पदावर राहिले. सुरुवातीला नव्या कायद्यानुसार विद्यापीठाची नियमावली तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. या नियमावलीने बंगालीसह देशी भाषांतील लेखनाला परीक्षांत स्थान दिले. १८९१ मधील पराभव अशा रीतीने अंशतः भरून निघाला. १९०९ मध्ये विद्यापीठाचे विधी महाविद्यालय सुरू झाले. दरभंग्याचे महाराज रामेश्वर सिंह यांच्या अडीच लाख रुपयांच्या देणगीतून ग्रंथालयासाठी दरभंगा भवन बांधण्यात आले.

याच काळात विद्यापीठाने स्वतःची अध्यासने निर्माण करण्यास आरंभ केला. अर्थशास्त्राचे मिंटो अध्यासन, तत्त्वज्ञानाचे पंचम जॉर्ज अध्यासन, उच्च गणिताचे हार्डिंज अध्यासन आणि प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृतीचे कारमायकेल अध्यासन ही त्यांतील प्रमुख होत. व्हाइसरॉय किंवा गव्हर्नर यांची नावे अध्यासनांना देऊन सरकारची अनुकूलता मिळवण्याचे व्यवहारचातुर्यही त्यात दिसते. डिसेंबर १९१३ मध्ये, नोबेल पारितोषिकाची घोषणा झाल्यानंतर काही आठवड्यांतच, विद्यापीठाने रवींद्रनाथ टागोर यांना सन्माननीय डी.लिट. पदवी दिली.

विज्ञान महाविद्यालय

विज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी लागणारा पैसा सरकारकडून मिळेना, तेव्हा आशुतोष यांनी बंगालमधील धनवंत वकिलांकडे मदत मागितली. बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी १९१२ मध्ये आपली जमीन, घरे व रोख रक्कम मिळून सुमारे १५ लाख रुपयांची मालमत्ता विद्यापीठाला दिली. १९१३ मध्ये ख्यातनाम वकील रासबिहारी घोष यांनी १० लाख रुपये दिले. या देणग्यांमधून निर्माण होणाऱ्या अध्यासनांवर केवळ भारतीयांचीच नेमणूक व्हावी, अशी दात्यांची अट होती. वरिष्ठ शैक्षणिक पदे युरोपीयांसाठी राखीव असल्यासारखी स्थिती असताना या अटीला मोठे महत्त्व होते. २७ मार्च १९१४ रोजी, कुलगुरुपदाची मुदत संपण्यास अवघे काही दिवस उरले असताना, आशुतोष यांनी अप्पर सर्क्युलर रोडवर विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसवली.

या महाविद्यालयासाठी त्यांनी माणसे निवडून आणली. रसायनशास्त्राच्या पालित अध्यासनावर प्रफुल्लचंद्र राय आले. भौतिकशास्त्राच्या पालित अध्यासनासाठी त्यांनी चंद्रशेखर वेंकट रामन यांना निवडले. रामन तेव्हा सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते आणि कचेरीच्या वेळेबाहेर प्रयोग करीत. प्राध्यापकाने आधी परदेशी प्रशिक्षण घ्यावे ही अट रामन यांना मान्य नव्हती. आशुतोष यांनी ती अडचण दूर केली आणि अधिक पगाराची सरकारी नोकरी सोडून रामन १९१७ मध्ये विद्यापीठात रुजू झाले. पुढे १९३० मध्ये रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हाही ते याच अध्यासनावर होते. घोष अध्यासनांवर गणेश प्रसाद, देबेंद्रमोहन बोस, प्रफुल्लचंद्र मित्र आणि शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नेमणुका झाल्या.

नुकतेच एम.एस्सी. झालेले सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा यांना १९१६ मध्ये व्याख्याते म्हणून घेण्यात आले. महायुद्धामुळे जर्मन ग्रंथ व नियतकालिके मिळणे कठीण झाले होते. तशाही स्थितीत या दोघांनी नव्या भौतिकीचा स्वतः अभ्यास करून ती विद्यार्थ्यांना शिकवली. सापेक्षतेच्या सिद्धान्तावरील आइन्स्टाइन यांच्या निबंधांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद कोलकाता विद्यापीठाने १९२० मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी साहा यांचे ताऱ्यांच्या वातावरणातील आयनीभवनाविषयीचे प्रसिद्ध संशोधन प्रकाशित झाले.

पदव्युत्तर शिक्षणाची योजना (१९१६–१९१७)

१९१४ मध्ये कुलगुरुपद सोडल्यावरही आशुतोष यांचे विद्यापीठातील स्थान कायम राहिले. तोपर्यंत पदव्युत्तर अध्यापनात विस्कळीतपणा आला होता. काही विषय विद्यापीठाच्या व्याख्यात्यांकडे, तर काही महाविद्यालयांकडे होते. एकच विषय दोन-तीन ठिकाणी शिकवला जाई, तर दुसऱ्या विषयाला शिक्षकच नसे. प्रत्येक महाविद्यालयाने प्रत्येक विषयासाठी तज्ज्ञ नेमणे आणि संशोधनाला पुरेल असे ग्रंथालय ठेवणे शक्य नव्हते. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी भारत सरकारने १९१६ मध्ये आशुतोष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीच्या शिफारशींवरून तयार झालेले नियम १९१७ मध्ये अमलात आले.

या योजनेची मुख्य सूत्रे पुढीलप्रमाणे होती :

• कोलकाता शहरात एम.ए. व एम.एस्सी.चे अध्यापन यापुढे विद्यापीठाच्याच नावाने व त्याच्याच नियंत्रणाखाली होईल.

• कला आणि विज्ञान यांसाठी पदव्युत्तर अध्यापनाच्या दोन स्वतंत्र परिषदा असतील. पदव्युत्तर वर्गांना शिकवणारे शिक्षक या परिषदांचे सदस्य असतील.

• प्रत्येक विषयासाठी शिक्षकांचे उच्च अभ्यास मंडळ असेल. अभ्यासक्रम, पाठ्यग्रंथ, अध्यापनाची वाटणी व परीक्षा यांबाबत ते शिफारशी करील. दैनंदिन कारभार परिषदेने निवडलेली कार्यकारी समिती पाहील.

• शिक्षक अनेक प्रकारचे असतील. काही विद्यापीठाचे पूर्णवेळ वेतनी, काही सरकारी वा खासगी महाविद्यालयांनी उपलब्ध करून दिलेले आणि काही इतर व्यवसायांत राहून विशिष्ट विषय शिकवणारे तज्ज्ञ असतील.

• खर्चासाठी स्वतंत्र निधी असेल. विद्यार्थ्यांचे शुल्क, देणग्यांचे उत्पन्न आणि विद्यापीठाच्या इतर परीक्षांच्या शुल्काचा ठरावीक हिस्सा त्यात जमा होईल.

यांतील तिसरे सूत्र त्या काळाच्या मानाने धाडसी होते. अधिसभेत सरकारनियुक्त सदस्यांचे बहुमत असताना, काय शिकवावे आणि कसे शिकवावे हा निर्णय प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांच्या हाती येत होता. शेवटचे सूत्र या योजनेचे बळ होते आणि तेच तिचे मर्मस्थानही ठरले. बंगालमधील खेड्यापाड्यांतून मॅट्रिकला बसणाऱ्या हजारो मुलांच्या शुल्कातून कोलकात्यातील संशोधनाचा बराचसा खर्च भागत असे. परीक्षार्थींची संख्या वाढत राहिली तरच उच्च शिक्षण टिकणार होते.

परिषदांचे अध्यक्षपद आशुतोष यांच्याकडेच राहिले आणि पुढील काही वर्षांत विषयांचा झपाट्याने विस्तार झाला. प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृती, तौलनिक भाषाशास्त्र, प्रायोगिक मानसशास्त्र, मानववंशशास्त्र, पाली आणि वाणिज्य असे विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवले जाऊ लागले. मद्रास प्रांतातून आलेले व तेव्हा म्हैसूरला शिकवणारे सर्वपल्ली राधाकृष्णन १९२१ मध्ये तत्त्वज्ञानाच्या पंचम जॉर्ज अध्यासनावर आले. त्याच वर्षी अवनींद्रनाथ टागोर भारतीय कलेच्या बागेश्वरी अध्यासनावर रुजू झाले. १९२२ मध्ये सुनीतिकुमार चटर्जी भाषाविज्ञानाचे खैरा प्राध्यापक झाले. शिक्षकांचे संशोधन प्रसिद्ध व्हावे यासाठी विद्यापीठाने कला व विज्ञान या शाखांची स्वतंत्र नियतकालिके सुरू केली.

देशी भाषांतील एम.ए.

१९१९ मध्ये कोलकाता विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषांचा एम.ए. अभ्यासक्रम सुरू झाला. तोवर संस्कृत, अरबी, फारसी आणि इंग्रजी याच भाषा उच्च अभ्यासाला योग्य मानल्या जात. बंगाली साहित्याच्या इतिहासाचे अभ्यासक दिनेशचंद्र सेन यांचा या विभागाच्या उभारणीत मोठा वाटा होता. हा अभ्यासक्रम एकट्या बंगालीपुरता मर्यादित नव्हता. विद्यार्थ्याने एका मुख्य भाषेबरोबर दुसरी भारतीय भाषाही शिकावी, अशी त्याची रचना होती. हिंदी, मराठी, गुजराती, उडिया, आसामी, मैथिली अशा भाषांचा त्यात समावेश होता. आशुतोष यांनी स्वतःचे पुत्र श्यामाप्रसाद यांना इंग्रजी ऑनर्स झाल्यावर एम.ए.साठी बंगाली विषय घ्यायला लावला. देशी भाषेतील एम.ए. म्हणजे दुय्यम पदवी हा समज मोडण्याचा हा त्यांचा मार्ग होता.

सॅडलर आयोग

१९१७ मध्ये सरकारने मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली कोलकाता विद्यापीठ आयोग नेमला. आशुतोष त्याचे सदस्य होते. १९१९ मध्ये सादर झालेला आयोगाचा अहवाल १३ खंडांचा आहे. इंटरमिजिएटचे शिक्षण विद्यापीठापासून वेगळे करावे, पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांचा असावा आणि परीक्षांचे वर्चस्व कमी करून विद्यापीठे अध्यापनकेंद्री व्हावीत, अशा त्याच्या शिफारशी होत्या. ढाका, लखनौ इत्यादी नव्या विद्यापीठांच्या रचनेवर या अहवालाचा प्रभाव पडला. ज्या कोलकाता विद्यापीठासाठी तो तयार झाला, तेथे मात्र पैशाअभावी बहुतेक शिफारशी अमलात आल्या नाहीत. पदव्युत्तर अध्यापन पदवी अध्यापनापासून फार तोडले जाऊ नये, असेही आयोगाचे मत होते.

दुसरा काळ आणि सरकारशी संघर्ष (१९२१–१९२४)

१९२१ मध्ये आशुतोष पुन्हा कुलगुरू झाले, तेव्हा परिस्थिती पालटली होती. असहकार चळवळीमुळे अनेक विद्यार्थ्यांनी महाविद्यालये सोडली होती. विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडू नये अशी आशुतोष यांची भूमिका होती आणि त्याबद्दल राष्ट्रीय वृत्तीच्या अनेकांचा रोष त्यांना पत्करावा लागला. परीक्षार्थी घटल्याने शुल्काचे उत्पन्न घटले. ढाका येथे नवे विद्यापीठ सुरू झाल्याने पूर्व बंगालमधील उत्पन्नावरही परिणाम झाला. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर शिक्षण हा प्रांतिक मंत्र्यांचा विषय झाला होता आणि विद्यापीठाचे कुलपतिपद व्हाइसरॉयकडून बंगालच्या गव्हर्नरकडे आले होते.

विद्यापीठात मोठी तूट आली आणि शिक्षकांचे पगार थकले. १९२२ मध्ये बंगाल सरकारने अडीच लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले, परंतु त्यासोबत विद्यापीठाच्या आर्थिक कारभारावर नियंत्रण आणणाऱ्या अटी घातल्या. डिसेंबर १९२२ मध्ये अधिसभेत या प्रस्तावावर चर्चा झाली. आशुतोष यांनी तेथे केलेले भाषण त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध भाषणांपैकी एक आहे. पैशासाठी विद्यापीठाचे स्वातंत्र्य गहाण टाकता येणार नाही आणि वेळ पडली तर शिक्षक उपाशी राहतील, असा त्याचा आशय होता. अधिसभेने अटी अमान्य केल्या. पगार थकलेल्या शिक्षकांपैकी बहुसंख्यांनी कुलगुरूंची बाजू घेतली.

मार्च १९२३ मध्ये त्यांची मुदत संपत आली. कुलपती या नात्याने गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी त्यांना पत्र लिहून पुनर्नियुक्तीची तयारी दर्शवली. मात्र आशुतोष यांनी सरकारच्या धोरणाला विरोध न करता सहकार्य करावे, अशी अपेक्षा त्या पत्रात होती. आशुतोष यांनी कडक शब्दांत उत्तर लिहून पद नाकारले. हा पत्रव्यवहार वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाल्यावर देशभर त्याची चर्चा झाली. त्यांच्यानंतर भूपेंद्रनाथ बसू कुलगुरू झाले.

टीका

आशुतोष यांच्या कारभारावर त्यांच्या हयातीतच तीव्र टीका झाली. रामानंद चटर्जी यांच्या मॉडर्न रिव्ह्यू या मासिकातून इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्यासह अनेकांनी विद्यापीठाच्या धोरणावर आक्षेप घेतले. उत्पन्नाची निश्चिती नसताना विभाग वाढवले जातात, काही विषयांत विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकांचीच संख्या डोळ्यांत भरते, परीक्षार्थींची संख्या टिकवण्यासाठी परीक्षांचा दर्जा सैल केला जातो आणि सर्व सत्ता एका माणसाभोवती गोळा झाली आहे, हे त्यांतील मुख्य मुद्दे होते. पदव्युत्तर वर्ग महाविद्यालयांतून गेल्यामुळे तेथील शिक्षकांचे उत्तेजन कमी झाले, अशीही तक्रार होती.

समर्थकांचे म्हणणे असे की, निधीची पूर्ण हमी मिळेपर्यंत थांबले असते तर एकही विभाग सुरू झाला नसता. परीक्षाशुल्कावरील अवलंबित्वाविषयीची टीका १९२१–२२ च्या आर्थिक संकटाने बरीचशी खरी ठरवली. त्याच वेळी रामन, साहा, बोस, राधाकृष्णन व सुनीतिकुमार यांच्या कामाने त्या विस्ताराचे मोलही सिद्ध केले.

महाराष्ट्राशी संबंध

प्राध्यापक निवडताना आशुतोष यांनी प्रांताचा विचार केला नाही. त्यामुळे दोन मराठी विद्वान कोलकाता विद्यापीठात मानाच्या अध्यासनांवर गेले.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे पुत्र देवदत्त रामकृष्ण भांडारकर हे पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात, पुण्यात काम करीत होते. १९१७ मध्ये ते कारमायकेल प्राध्यापक झाले आणि १९३६ पर्यंत त्या पदावर होते. सम्राट अशोक आणि प्राचीन भारतीय नाणकशास्त्र यांवरील त्यांचे ग्रंथ तेथील व्याख्यानांतून तयार झाले.

मालवण येथे जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवत असत. ते वनस्पतिशास्त्राचे पहिले घोष प्राध्यापक झाले. उच्च अभ्यासासाठी जर्मनीला गेले असता महायुद्ध सुरू झाल्याने ते तेथेच अडकले, आणि युद्धानंतर परतून त्यांनी विभाग उभारला. निवृत्तीनंतर पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी या संस्थेचे ते संस्थापक संचालक होते. ही संस्था आता आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासालाही या पदव्युत्तर विभागात स्थान मिळाले. तेथील शिक्षक सुरेंद्रनाथ सेन यांनी सभासद बखरीचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो विद्यापीठाने १९२० मध्ये प्रसिद्ध केला. मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये निघाला.

इतर संस्थांतील कार्य

१९०८ मध्ये आशुतोष यांनी कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीची स्थापना केली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी अनेकदा भूषवले. जानेवारी १९१४ मध्ये कोलकात्यात भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. भवानीपूर येथे १९१६ मध्ये साउथ सबर्बन महाविद्यालय सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९११ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. पंडितसभांनी त्यांना सरस्वती व शास्त्रवाचस्पती या पदव्या दिल्या.

वैयक्तिक जीवन

आशुतोष यांचा विवाह जोगमाया देवी यांच्याशी झाला. रमाप्रसाद, श्यामाप्रसाद, उमाप्रसाद आणि वामाप्रसाद हे त्यांचे पुत्र. रमाप्रसाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. उमाप्रसाद हे बंगालीतील हिमालयविषयक प्रवासवर्णनांसाठी प्रसिद्ध असून त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कन्या कमला बालपणीच विधवा झाली. नातलगांचा व सनातनी समाजाचा विरोध न जुमानता आशुतोष यांनी १९०८ मध्ये तिचा पुनर्विवाह करून दिला. कमला यांचे १९२३ मध्ये निधन झाले. तिच्या स्मरणार्थ त्यांनी विद्यापीठात कमला व्याख्यानमाला सुरू केली. आईच्या स्मरणार्थ सुरू केलेले जगत्तारिणी पदक बंगाली साहित्यातील कामगिरीसाठी दिले जाते. त्याचे पहिले मानकरी रवींद्रनाथ टागोर होते.

ग्रंथसंग्रह हा त्यांचा मोठा छंद होता. भवानीपूरच्या त्यांच्या घरात सुमारे ८० हजार ग्रंथ होते. पोशाखात आणि आहारात ते साधे होते, आणि परदेशी ते कधीच गेले नाहीत. आईने संमती न दिल्यामुळे त्यांनी लॉर्ड कर्झन यांची इंग्लंडला जाण्याची सूचना नाकारली, अशी आख्यायिका बंगालमध्ये सांगितली जाते.

निधन

न्यायाधीशपदावरून निवृत्त झाल्यावर आशुतोष पुन्हा वकिली करू लागले. डुमराव संस्थानाच्या वारसाहक्काच्या खटल्यासाठी ते पाटण्याला गेले होते. तेथे अल्पशा आजाराने २५ मे १९२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव रेल्वेने कोलकात्याला आणण्यात आले आणि अंत्ययात्रेला प्रचंड जनसमुदाय लोटला. त्या वेळी पदव्युत्तर परिषदांचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते.

वारसा

पदव्युत्तर विभाग आशुतोष यांच्या पश्चातही टिकून राहिले. विद्यापीठानेच पदव्युत्तर अध्यापन चालवावे आणि महाविद्यालयांनी प्रामुख्याने पदवीपर्यंत शिकवावे, ही पद्धत पुढे इतर भारतीय विद्यापीठांतही रूढ झाली. तिच्यासोबत दोन्ही पातळ्यांवरील शिक्षकांमधील दुरावाही आला आणि त्यावरील चर्चा अद्याप थांबलेली नाही. श्यामाप्रसाद १९३४ मध्ये कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि वडिलांच्या अनेक योजना त्यांनी पुढे नेल्या.

साउथ सबर्बन महाविद्यालयाला १९२४ मध्ये आशुतोष महाविद्यालय हे नाव देण्यात आले. विद्यापीठाचे आशुतोष भारतीय कला संग्रहालय १९३७ मध्ये सुरू झाले. आशुतोष यांच्या कुटुंबीयांनी त्यांचा ग्रंथसंग्रह १९४९ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाला दिला आणि तो तेथे स्वतंत्र दालनात ठेवलेला आहे. जन्मशताब्दीनिमित्त १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.